चिटणीसबाईंची ब्रुअरी

३ सप्टेंबर १९५१, सोमवार

जेबेझकाका वारले, आणि जाता जाता माझ्या गळ्यात एक ब्रुअरी बांधून गेले.

वकील प्रेंडल यांचा निरोप आला तेव्हा मी दुकानात लोकरीच्या लडी लावत होते. मला वाटलं, काकांनी फार तर आजीचं भिंतीवरचं घड्याळ ठेवलं असेल. आई गेल्यापासून आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. प्रेंडल बराच वेळ चष्मा पुसत बसले आणि मग एका दमात वाचून मोकळे झाले. बिअर बनवणारी पायबस ब्रुअरी, गावातले आणि आसपासच्या खेड्यांतले तिचे सगळे गुत्ते, टेकडीवरचं घर, बँकेत असेल नसेल ते, सगळं पुतणी हेस्टर हिला. कारणही लिहून ठेवलंय: 'आमच्या घराण्यात माझ्याकडे आजवर एक पेला किंवा एक पेनी न मागणारी ती एकटीच.'

मी ऑल्डरबेक दारूबंदी मंडळाची चिटणीस आहे. हे काकांना चांगलं ठाऊक होतं. काकांचं डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं का, असं मी स्पष्टच विचारलं.

"अगदी ठिकाणावर होतं, मिस पायबस," प्रेंडल म्हणाले. "तुमचं नाव लिहून घ्यायला सांगताना ते पोट धरून हसत होते, एवढं मात्र खरं."

हसू देत. परमेश्वराने लांडग्याच्या गुहेची किल्ली मेंढीच्या हातात दिली असेल, तर त्यात त्याची काही योजना असणार. ब्रुअरी बंद करायची. नाताळच्या आत. मी आत्ता गाढ झोपणार आहे.

४ सप्टेंबर, मंगळवार

मंडळाच्या बैठकीत बातमी सांगितली. क्षणभर सगळ्यांचे चहाचे कप हवेतच राहिले. मग अध्यक्षा विनिफ्रेड सग्डन उठली आणि म्हणाली की शत्रूचा किल्ला एकही गोळी न झाडता हाती आला आहे. टाळ्या पडल्या. विनिफ्रेडने लढाईच्या काळात गावातल्या बायकांकडून मणावारी मुरंबा घालून घेतला होता. तिच्या बोलण्यात अजून तो दणका आहे.

आमचे खजिनदार मिस्टर क्रॅबट्री नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले की घाईने कुलूप ठोकू नका. शहरातल्या एका मोठ्या कंपनीला ती ब्रुअरी हवी आहे. त्यांना विकून टाका आणि त्या पैशातून मंडळासाठी सभागृह बांधा. वाचनालय, चहाची खोली, दारावर दगडात कोरलेलं नाव: पायबस हॉल.

मला नावाचा मोह नाही. पण अक्षरं चांगली ठळक हवीत, एवढं मी म्हणाले.

६ सप्टेंबर, गुरुवार

आज ब्रुअरीत पाऊल टाकलं. भाषण पाठ करून गेले होते. फाटकातून आत शिरताच एक वास आला, गरम पावासारखा, पण त्याहून गोड आणि खोल. भाषणाची पहिली दोन वाक्यं मी त्यातच विसरले.

मुख्य ब्रुअर एमॉस थॅकरा म्हणून एक गृहस्थ आहेत. उंच, केस पांढरे, कोपरापर्यंत बाह्या वर केलेल्या. बायको जाऊन बरीच वर्षं झाली म्हणतात. त्यांनी आधी मला टोपी काढून ठेवायला सांगितली. बिअर आंबवायच्या दगडी हौदांवरचा फेस उडतो आणि टोपीच्या लोकरी कापडावर पडला की निघत नाही. पुरुषाने बाईच्या टोपीची एवढी काळजी करावी हे मी प्रथमच पाहिलं.

मी सांगून टाकलं: मी ही ब्रुअरी बंद करणार आहे.

ते रागावले नाहीत. हौदाच्या काठावर हात ठेवून म्हणाले, "बंद करा, बाई. तुमचीच आहे. फक्त कोठारात सातू भरलाय तो संपेपर्यंत थांबा. कुणीतरी घाम गाळून पिकवलाय. उंदरांना कशाला घालायचा?"

अजून साखर कुपनावर मिळते या देशात. अन्नाची नासाडी मला या जन्मात बघवलेली नाही. सातू संपेपर्यंत मुदत दिली. मग त्यांनी मला कोठार दाखवलं. सातू बराच आहे.

९ सप्टेंबर, रविवार

काल टेकडीवरच्या घरात राहायला आले. मालमत्ता ताब्यात घ्यायची तर तिथे राहूनच घ्यावी. काकांच्या स्वयंपाकीणबाई मिसेस टॉर्डॉफ घराबरोबरच मिळाल्या आहेत. बाई रुंद आहेत आणि कमी बोलतात. मी पहिल्याच दिवशी बजावलं की माझ्या स्वयंपाकघरात दारूचा थेंब चालणार नाही. त्या म्हणाल्या, "पेल्यात एक थेंब दिसायचा नाही, बाई."

त्यांचा काळा केक मात्र अप्रतिम. ओलसर, जड, जरासा कडवट. जेवणानंतर दोन तुकडे खाल्ले आणि लगेच इतकी छान झोप लागली की सकाळी चर्चची घंटा ऐकूनच जाग आली. टेकडीवरची हवाच निराळी.

चर्चमधून बाहेर पडले तर समोरच्या फुटपाथवर मिस्टर थॅकरा उभे. त्या गल्लीत त्यांचं काहीतरी काम होतं म्हणे. रविवारी सगळी दुकानं बंद असताना कसलं काम, ते मी विचारलं नाही. टेकडीपर्यंत सोबत आले. वाटेत बिअरला कडवटपणा आणणाऱ्या हॉप्सविषयी बोललो. ते वेलीवरचं फूल असतं, हे मला माहीत नव्हतं. मी आयुष्यभर ज्याच्याविरुद्ध बोलत आले, त्यात फुलं असतात हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

आज पगाराचा दिवस. मी कचेरीच्या खिडकीत उभी राहून पाहिलं. माणसं पाकिटं घेतात, मग अंगणातल्या लाकडी खोपटापुढे रांग लावतात. तिथे प्रत्येकाला रोजच्या वाट्याची बिअर फुकट मिळते. वाटा पोटात गेला की फाटकासमोरच्या गुत्त्यात शिरायचं, पाकीट हातातच असतं.

हे मी आधीही पाहिलं आहे. माझे वडील याच ब्रुअरीत, स्वतःच्या भावाकडे पिंपं भरायला होते. शुक्रवारी आई मला घेऊन त्याच फाटकापाशी उभी राहायची. वडील बाहेर आले की ती त्यांच्या कोटाला हात लावायची. पाकीट मागायची नाही, नुसता कोटाला हात. ते हसून म्हणायचे, "आलोच, जेन." वडील वाईट नव्हते. गाणी छान म्हणायचे. एका हिवाळ्यात घरी येताना कालव्यात पडले. काकांनी दफनाचा खर्च केला आणि पुढच्या शुक्रवारी खोपटापुढची रांग पुन्हा लागली.

आज फाटकापाशी चार बायका उभ्या होत्या. एकीने मला पाहून मान वळवली.

सातू संपायची वाट पाहावी लागेल असं वाटत नाही. खोपटं आधी बंद होईल.

१९ सप्टेंबर, बुधवार

मिस्टर क्रॅबट्री चहाला आले. केक त्यांनाही आवडला, तीन तुकडे घेतले आणि मग फार मनमोकळं बोलले. त्यांच्या जावयाने कर्ज काढून सहा लॉऱ्या घेतल्या आहेत. मी म्हटलं, ऑल्डरबेकमध्ये एवढ्या लॉऱ्यांना काम कुठलं? तर म्हणाले, काम येणार आहे, नक्की येणार आहे, तुम्ही फक्त लवकर सही करा. सहीचा आणि लॉऱ्यांचा काय संबंध ते माझ्या लक्षात आलं नाही. माणूस घरच्या काळजीत असला की विषयाची सरमिसळ होते. जावयाविषयी एवढा विश्वास असणं मात्र कौतुकाचं.

कंपनीचे कुणी मिस्टर स्टॅनफर्थ पुढच्या महिन्यात कागद घेऊन येणार आहेत.

२७ सप्टेंबर, गुरुवार

आठवडाभर लिहायला वेळ मिळाला नाही. शत्रूचा अभ्यास केल्याशिवाय शत्रू हरत नाही, म्हणून रोज ब्रुअरीत जाते. आता मला मोड आलेला सातू दाताखाली धरून सांगता येतं की तो नीट भाजला गेलाय की नाही. आंबणीच्या हौदांचं तर बाळंतिणीसारखं करावं लागतं. दर थोड्या वेळाने खालचा रस पंपाने वर उचलून फेसावर सोडायचा, नाहीतर यीस्ट झोपी जातं आणि सगळं आंबट होतं. मिस्टर थॅकरा हौदाशी हळू आवाजात बोलतात. मी विचारलं तर कानांपर्यंत लाल झाले.

गावातले पबही पाहून आले. मालकीण म्हणून पाहणी करणं कर्तव्यच आहे. 'थ्री फ्लीसेस'मध्ये पडदे इतके मळके होते की तिथल्या तिथे उतरवून घेतले. प्रत्येक पबात दुपारी गरम सूप ठेवायला सांगितलं आहे. उपाशी पोटी पिणं सगळ्यात घातक. 'वेदरकॉक'च्या मालकाने विचारलं की बाई, तुम्ही बंद करणार आहात की वाढवणार आहात? मी म्हटलं, बंद होईपर्यंत तरी स्वच्छ असायला काय हरकत आहे?

मिस्टर थॅकरांनी माझ्या खिडकीत हॉप्सचा एक वेल आणून टांगला. झोप येते म्हणे त्याने. मला तर केकनेच येते, पण राहू दे, दिसतो छान.

१ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी सगळ्या कामगारांना अंगणात बोलावलं आणि पिंपावर उभं राहून सांगितलं: आजपासून खोपटं बंद. फुकटची बिअर मिळणार नाही.

मला वाटलं होतं, थोडी कुरकुर होईल. झाली शांतता. मग पिंपं बांधणारे एनॉक व्हार्ली पुढे आले. छाती पिंपासारखीच आहे त्यांची. ते म्हणाले की तो वाटा त्यांच्या आजोबांनाही मिळत होता. तो पगारच आहे, मेहेरबानी नाही. तुम्ही आमचा पगार कापताय.

मी म्हटलं, मी तुमचं आयुष्य वाढवतेय.

"आमचं आयुष्य आम्ही बघून घेऊ, बाई," ते म्हणाले. "तुम्ही तुमचं लोकरीचं दुकान बघा."

मिस्टर थॅकरा मागे उभे होते. नंतर त्यांनी एवढंच विचारलं की त्या वाट्याच्या बदल्यात काय देणार? मी म्हटलं, बदल्यात? विषाच्या बदल्यात कुणी काही देतं का? ते हौदांकडे परत गेले. त्यांचा तो प्रश्न मला दिवसभर टोचत राहिला. उगाचच. माझं तत्त्वतः बरोबरच आहे.

३ ऑक्टोबर, बुधवार

उद्यापासून संप. व्हार्लींनी कचेरीत येऊन, टोपी हातात धरून, रीतसर सांगितलं. जाताना दार हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी हिशोब केला की हे उत्तमच झालं. संप म्हणजे ब्रुअरी आपोआप बंद. मला बोटही उचलावं लागणार नाही. उद्या सकाळी मंडळाच्या बायकाही पाहणीला येणार आहेत, त्यांना बंद ब्रुअरीच दाखवीन. सगळं जुळून आलंय.

मिसेस टॉर्डॉफना मात्र केक नको म्हटलं. भूक नाही.

४ ऑक्टोबर, गुरुवार

हात इतके दुखताहेत की अक्षर वाकडं येतंय. पण आजचा दिवस आजच लिहायला हवा.

सकाळी फाटकाबाहेर माणसं उभी होती, खिशात हात घालून. मला वाट दिली. आत सामसूम. आंबणीच्या खोलीत मिस्टर थॅकरा एकटेच या हौदाकडून त्या हौदाकडे धावत होते. शर्ट पाठीला चिकटलेला. सगळे हौद भरलेले, फेस काठाशी आलेला. तेही संपातच होते, व्हार्लींना तसं सांगितलंही होतं. पण पाय निघेना म्हणाले.

मी म्हटलं, सोडून द्या. बंदच करायचंय.

तेव्हा त्यांनी मान वर केली. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांचा आवाज चढला. "बंद करायचं तर रिकामे हौद बंद करा ना. हे असं नासवून? हे शेतातून इथपर्यंत आलंय, बाई. यात किती जणांचे हात लागलेत माहीत आहे तुम्हाला?"

आणि पंप मारायला वळले. साठीचा माणूस.

मी टोपी खुंटीला अडकवली. बाह्या वर केल्या. मी काही बिअर केली नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. मी फक्त सातू नासू दिला नाही.

पंप जड होता. पहिल्या हौदालाच हात भरून आले. मिसेस टॉर्डॉफ कुठूनशा आल्या आणि न बोलता फेस काढायची लाकडी फळी उचलून कामाला लागल्या. त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. तरी आम्ही तिघं पुरे पडेना. एका हौदाचा फेस काठावरून ओघळायला लागला होता.

अशा वेळी दारात विनिफ्रेड सग्डन उभी. मागे मंडळाच्या आठ-दहा बायका, सगळ्यांच्या कोटांवर दारूबंदीच्या पांढऱ्या फिती. आणि समोर त्यांची चिटणीस, कोपरापर्यंत बिअरच्या फेसात.

मला सारवासारव सुचली नाही, म्हणून खरं तेच सांगितलं. म्हटलं, विनिफ्रेड, हे सगळं सातूचं धान्य आहे. लढाईत हेच आणताना जहाजं बुडाली, आपल्या गावचा जॅक लीही त्यातच गेला. आत्ता सोडलं तर संध्याकाळपर्यंत गटारात जाईल. बिअर वाईट आहे की चांगली, त्यावर उद्या भांडू.

विनिफ्रेड हौदाजवळ आली. वाकून पाहिलं. मुरंब्याची कढई ऊतू जाताना बघावी तशी तिची नजर झाली.

"हा पसारा तुझ्याने कसा आवरणार होता, हेस्टर?" ती म्हणाली, आणि कोट काढून माझ्या हातात दिला. "मिसेस मॉड्सली, त्या फळ्या घ्या. दोघी दोघींनी एकेक हौद. अहो मिस्टर, काय तुमचं नाव, पंप कसा मारायचा ते एकदाच दाखवा."

मिस्टर थॅकरांनी खिडक्या-दारं सताड उघडली. त्या हौदांच्या वाफेने डोकं जड होतं म्हणाले. मला तसं काही जाणवलं नाही. उलट सगळ्यांना फार हुरूप आला. मिसेस मॉड्सली, ज्या एरवी बैठकीत आवाज काढत नाहीत, त्यांनी पंपाच्या ठेक्यावर प्रार्थनागीत सुरू केलं. मग सगळ्यांनीच धरलं. विनिफ्रेड एकदा विनाकारण इतकी हसली की तिला पायरीवर बसवावं लागलं. चांगल्या कामाने माणसाला असाच आनंद होतो.

दुपार झाली तेव्हा दारात व्हार्ली दिसले. मागे सगळी माणसं, माना ताणून बघत होती.

व्हार्ली म्हणाले, "हे तुम्ही बरं नाही केलंत, बाई. आम्ही संपावर, आणि दारूबंदीवाल्या आमची बिअर वाचवताहेत. आम्ही गावात तोंड कुठे दाखवायचं?"

माझ्या हातात अजून पंपाचा दांडा होता. मी म्हटलं, "मिस्टर व्हार्ली, सोमवारी माझं चुकलं. तुमचा वाटा हा पगार आहे. पगार मी कापणार नाही. ज्याला बिअर हवी त्याने बिअर घ्यावी. ज्याला नको, त्याला तेवढीच रक्कम पाकिटात. आणि पाकिटं यापुढे शुक्रवारी नाही, गुरुवारी सकाळी. पब उघडायच्या आधी."

त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे त्यांची बायको होती, त्या शुक्रवारी फाटकापाशी मला पाहून मान वळवणारी तीच. तिने मान वळवली नाही. ती म्हणाली, "एनॉक, पाकिटात."

व्हार्लींनी बाह्या वर केल्या. मग पुढे येऊन माझ्या हातातून पंप घेतला. "सरका," ते म्हणाले. "अर्धवट मारताय."

८ ऑक्टोबर, सोमवार

मिस्टर क्रॅबट्री कंपनीच्या मिस्टर स्टॅनफर्थना घेऊन आले. गुळगुळीत हातांचा, गोड बोलणारा मनुष्य. कागद पसरले, पेनाचं टोपणही काढून दिलं. मी सहज विचारलं की घेतल्यावर ब्रुअरीचं काय करणार? तर म्हणाले, पाडणार. जुनाट दगडी हौद कोण सांभाळतो? जागेवर लॉऱ्यांचा तळ करायचा. आम्हाला पब हवेत. बिअर शहरातून येईल, लॉऱ्यांनी, हवी तेवढी.

म्हणजे एक पेलासुद्धा कमी होणार नाही?

"कमी?" ते हसले. "मॅडम, दुप्पट होईल."

मी पेनाला टोपण लावलं. म्हणजे व्हार्ली आणि बाकीचे कामावरून जाणार, आणि रिकामपणी दिवसभर कुठे बसणार, तर यांच्याच पबात. माझ्या सहीने एक घोट कमी होणार नसेल तर मी ती सही का करू? आपलं पाणी आपल्या विहिरीतलं असलं की निदान त्यात काय आहे ते माहीत असतं. मी सांगितलं की ब्रुअरी विकायची नाही. बंदही करायची नाही. मी ती चालवणार आहे, आणि माझ्या पद्धतीने.

हे मी ठरवलंय ते बोलल्यावरच मला कळलं. पण एकदा कळल्यावर इतकं सरळ वाटलं की आधी कसं सुचलं नाही याचं नवल वाटतंय.

मिस्टर क्रॅबट्री पांढरेफटक पडले. त्यांना सभागृहाचं फार वाईट वाटलेलं दिसतं. बिचाऱ्यांचा जीव मंडळात किती अडकला आहे. जाता जाता मी त्यांना म्हटलं की जावयाला सांगा, निराश होऊ नको, खेड्यातल्या पबांना पिंपं पोचवायला आम्हाला एक लॉरी लागेल. ते 'धन्यवाद' म्हणायलाही थांबले नाहीत. इतका संकोची मनुष्य.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

मंडळाची खास बैठक. विषय एकच: चिटणीसबाईंना ठेवायचं की काढायचं. ठराव मिस्टर क्रॅबट्री यांचा. त्यांनी तत्त्वावर बोलायला हवं म्हणून स्वतःच्या मनाविरुद्ध मांडला असणार.

मी फार बोलले नाही. एवढंच म्हणाले की मी लहानपणी दारू न पिण्याची शपथ घेतली ती मोडलेली नाही आणि मोडणार नाही. मी पीत नाही. पण पिणारी माणसं माझ्याच गावची आहेत, आणि काल पगाराच्या दिवशी फाटकापाशी एकही बाई उभी नव्हती. आपण इतकी वर्षं पत्रकं वाटली, एकाही पगाराच्या दिवशी असं झालं नव्हतं. मग खाली बसले.

मतं घ्यायची वेळ आली तेव्हा विनिफ्रेडने चष्म्यावरून सगळीकडे पाहिलं. "संपाच्या दिवशी आंबणीच्या खोलीत ज्या ज्या बायका होत्या," ती म्हणाली, "त्यांनी हेस्टरला काढायच्या बाजूने मत देताना आधी स्वतःचाही राजीनामा लिहावा. माझा लिहायचा असेल तर मला पेन द्या."

कुणी पेन दिलं नाही. मी चिटणीस राहिले.

घरी आल्यावर मिसेस टॉर्डॉफनी केक काढला. मी म्हटलं की याची कृती मंडळाच्या पुढच्या चहासाठी लिहून द्या. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या की काही कृती लिहिल्या की बिघडतात.

२१ ऑक्टोबर, रविवार

आज चर्चमधून आले तर मिस्टर थॅकरा फुटपाथवर नव्हते. मला त्याचं काही वाटायचं कारण नव्हतं, तरी मी टेकडी जरा हळू चढले.

ते घराच्या दारात उभे होते. काळा सूट, कडक कॉलर, केस पाण्याने बसवलेले. मला वाटलं, कुणी वारलं. आत बसवलं. खुर्चीच्या अगदी टोकावर बसले. म्हणाले की चिटणीस म्हणून तुमच्याकडे काम आहे.

मी विचारलं, कसलं?

"मला शपथेचं कार्ड हवंय," ते म्हणाले. "सही करायचीय. आजपासून घेणार नाही म्हणून."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ज्या माणसाने चाळीस वर्षं प्रत्येक हौदाची बिअर जिभेवर ठेवून पाहिली, तो म्हणत होता की यापुढे थेंब घेणार नाही. कारण विचारलं. ते हातातल्या टोपीकडे बघून म्हणाले की तुमच्या आईच्या आणि कोटाच्या गोष्टीविषयी गावात कळलं. तुमच्यासारख्या बाईच्या टेबलाशी रविवारी जेवायला बसायचं, तर माणसाने स्वच्छ होऊन बसावं.

ड्रॉवरमध्ये कार्डं होती. छापील, सोनेरी काठाची, रिकाम्या जागी नाव भरायचं. मी एक काढलं. दौत जवळ ओढली. आजवर मी शेकड्यांनी अशी कार्डं भरून दिली आहेत, गाडीवाल्यांना, गिरणीतल्या पोरांना, एकदा तर एका भोंदू डॉक्टरला. प्रत्येक वेळी मनात घंटा वाजली आहे. आज वाजली नाही.

मी कार्ड परत ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर बंद केला.

"मिळणार नाही," मी म्हणाले.

ते खुर्चीतून उठून उभे राहिले. इतकं वाईट वाटलेलं कुणाच्या चेहऱ्यावर मी पाहिलेलं नाही. मला वाटलं त्यांचा गैरसमज झाला, म्हणून मी भराभर सांगून टाकलं. की जिभेवर न ठेवता हौद कळत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. तुम्ही घेईनासे झालात तर हौद कोण बघणार, मी? मी थेंब घेणार नाही, तुम्ही थेंब सोडायचा नाही. माझे वडील आणि तुम्ही यांच्यातला फरक मला कार्डाशिवाय कळतो. आणि जेवायला बसायचं म्हणाल, तर मिसेस टॉर्डॉफनी मघाशीच तीन ताटं मांडली आहेत, मला न विचारता.

ते परत खुर्चीत बसले. मग त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला.

"मी आज कुठेतरी सही करायचं ठरवून निघालो होतो, हेस्टर," ते म्हणाले. मला त्या नावाने हाक मारायची परवानगी मी कधी दिली ते आठवत नाही. "तुम्ही कार्ड देत नाही म्हणता. मग सही करू तरी कुठे?"

मी म्हटलं, चर्चच्या लग्नांच्या नोंदवहीत जागा आहे. पण तिथे दोघांची लागते, आणि मला नव्या टोपीसाठी एक महिना तरी हवा.

जेवण सुरेख झालं. मटण नेहमीपेक्षा मऊ होतं आणि रस्सा जरासा कडवट, फार छान. एमॉसनी पहिला घास घेतला, जिभेवर घोळवला, मिसेस टॉर्डॉफकडे पाहिलं, आणि जेवण होईपर्यंत मान वर केली नाही. खांदे मात्र सारखे हलत होते. आनंदाने माणूस किती हळवा होतो.